इंडोनेशियाची वृत्तपत्रे : छापखान्याकडून पडद्याकडे

वाचकहो, जगात मुसलमानांची सर्वांत मोठी वस्ती ज्या एक-दोन देशांत आहे, त्यांत इंडोनेशियाची गणना होते. असे असूनही त्या देशाविषयी आपली माहिती किती? हज करून परतलेले आपले बुजुर्ग तिकडच्या यात्रेकरूंच्या शिस्तीचे कौतुक सांगतात, शाळेच्या भूगोलात जावा-सुमात्राचे मसाले आणि ज्वालामुखी येऊन जातात, आणि बहुधा आपली मजल तेथेच संपते. प्रस्तुत लेखात त्या देशाच्या वृत्तपत्रांची हकीकत सांगावयाची आहे. ज्या वृत्तपत्रांना डच सरकार, जपानी लष्कर आणि पुढे स्वदेशी हुकूमशहा यांपैकी कोणीही संपवू शकले नाही, त्यांपैकी कित्येकांनी आपल्या डोळ्यांदेखत, कोणाचाही हुकूम नसताना, आपला कागद गुंडाळून ठेवला. हे कसे घडले आणि त्यात काय गेले, काय राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

प्रथम त्यांच्या भाषेविषयी दोन शब्द. या भाषेला ते 'बहासा इंडोनेशिया' म्हणतात. 'बहासा' म्हणजे आपली 'भाषा'च. वृत्तपत्राला 'सुरात कबार' म्हणतात. त्यातील 'सुरात' म्हणजे पत्र आणि 'कबार' म्हणजे आपली 'खबर'. बातमीला 'बेरिता' हा शब्द आहे, तो संस्कृत 'वृत्त' यावरून आला. मासिकाला 'मजालाह', हा अरबी शब्द. आणि पत्रकाराला काय म्हणावे? 'वार्तावान'! धनवान, गुणवान तसा वार्तावान. इतका नेमका शब्द आपल्या मराठीलाही सुचला नाही. रोजच्या बोलण्यात वर्तमानपत्राला 'कोरान' असेही म्हणतात, तेव्हा नवख्या मुसलमान माणसाला क्षणभर धक्का बसतो. पण हा शब्द डच भाषेतून आलेला आहे आणि पवित्र ग्रंथाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. त्या ग्रंथाला ते 'अल्-कुरआन' असेच आदराने म्हणतात.

अरबी, संस्कृत, डच, चिनी अशा अनेक ओहळांचे पाणी घेऊन वाहणारी ही भाषा मुळात मलायी. मलाक्काच्या सामुद्रधुनीतील बंदरांत व्यापाऱ्यांची आणि खलाशांची ती सामाईक बोली होती. जावा बेटावर तर बहुसंख्य लोकांची मातृभाषा जावानी किंवा सुंदानी. मग सतरा हजारांच्या आसपास बेटांचा हा देश एकाच भाषेत बोलू लागला तो कोणामुळे? शाळा, मदरसे, राजकीय पक्ष या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु माझ्या मते सर्वांत मोठा वाटा वृत्तपत्रांचा आहे.

आरंभ मात्र डचांनी केला. १७४४ साली बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, पहिले डच वृत्तपत्र निघाले. दोनच वर्षांत, १७४६ मध्ये, हॉलंडमधील कंपनीच्या संचालकांनी ते बंद करविले. व्यापाराच्या खबरा प्रतिस्पर्ध्यांच्या हाती लागतील ही त्यांची धास्ती. म्हणजे त्या भूमीवरील वृत्तपत्रांच्या इतिहासाचे पहिले पान उघडते न उघडते तोच दुसऱ्या पानावर बंदी आली, आणि हा क्रम पुढे अडीचशे वर्षे चालू राहिला. मलायी भाषेतील पहिले वृत्तपत्र १८५६ मध्ये सुराबाया येथे निघाले. आपल्या बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' १८३२ चे, हे लक्षात घेतले म्हणजे काळाचा अंदाज येईल. या प्रारंभीच्या पत्रांचे मालक बहुधा युरोपियन किंवा चिनी वंशाचे असत. जहाजांच्या येण्याजाण्याच्या वेळा, लिलावाच्या जाहिराती आणि सरकारी नेमणुका एवढाच त्यांचा मजकूर.

हे चित्र पालटले ते १९०७ मध्ये. बांडुंग येथून तिर्तो आदि सूर्यो या जावानी तरुणाने 'मेदान प्रियायी' हे साप्ताहिक सुरू केले. १९१० मध्ये त्याचे दैनिक झाले. मालक एतद्देशीय, संपादक एतद्देशीय, भाषा मलायी, आणि पैसा भागधारकांचा. गावोगावचे लोक आपली गाऱ्हाणी लिहून पाठवीत आणि पत्र त्यांना नुसती जागा देऊन थांबत नसे, तर कायद्याचा सल्लाही देई. मुसलमान व्यापाऱ्यांची संघटना उभी करण्यातही तिर्तोचा हात होता. डच अधिकाऱ्यांची नावे घेऊन लिहिल्याबद्दल त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. १९१२ मध्ये पत्र कर्जात बुडाले आणि १९१८ मध्ये हा मनुष्य जवळजवळ विस्मृतीत वारला. आपल्याकडे १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना मंडालेला पाठविण्यात आले, तोच हा काळ. फरक इतकाच की, टिळक परत आले तेव्हा लोक वाट पाहत होते. तिर्तोची वाट पाहणारे फारसे कोणी उरले नव्हते. पुढे बुरू बेटावर बंदिवासात असलेल्या प्रामुद्या अनंत तूर या लेखकाने कैदी सोबत्यांना एक कथा तोंडी सांगितली. तिचा नायक तिर्तोवरून बेतलेला होता. ती कादंबरी १९८० मध्ये छापली गेली आणि १९८१ मध्ये तिच्यावर बंदी आली. तिर्तोला राष्ट्रवीर हा सन्मान मिळाला तो २००६ साली.

आता, वाचकहो, जरा सुमात्रात चला. कारण आपल्यासारख्या शिक्षणसंस्थेच्या वाचकांना तेथील गोष्ट अधिक जवळची वाटेल. पश्चिम सुमात्रातील पादांग शहरात अब्दुल्ला अहमद नावाचे एक आलिम होते. त्यांनी १९०९ मध्ये 'अदाबिया' ही शाळा काढली. तीत दीनी तालीम आणि आधुनिक विषय एकाच छताखाली शिकविले जात. शाळेपाठोपाठ १९११ मध्ये त्यांनी 'अल्-मुनीर' हे नियतकालिक काढले. कैरोच्या 'अल्-मनार'चा आदर्श त्यांच्यासमोर होता. भाषा मलायी, लिपी अरबी. या लिपीला तिकडे 'जावी' म्हणतात. वाचक प्रश्न विचारीत : छायाचित्र काढून घेणे जायज आहे काय? गळ्यात टाय बांधावा काय? हॅट घालावी काय? आज आपल्याला हे प्रश्न किरकोळ वाटतील. परंतु जुन्या रूढीचे लोक एका बाजूला, नव्या विचारांचे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये छापलेले पान, असे दृश्य त्या समाजाने प्रथमच पाहिले. हमरीतुमरीवर येण्याऐवजी दलिलाला दलिलाने उत्तर देण्याची सवय अशा पानांतून लागते.

त्याच पश्चिम सुमात्रात कोतो गादांग नावाचे एक गाव आहे. तेथे १८८४ मध्ये रोहाना कुद्दुस या बाईंचा जन्म झाला. त्यांनी शाळेचे तोंड पाहिले नाही. जे शिकल्या ते घरी, वडिलांजवळ. १९११ मध्ये त्यांनी गावातील स्त्रियांसाठी संस्था काढली. तीत अरबी व लॅटिन अशा दोन्ही लिप्यांतील वाचन-लेखन, हिशेब आणि कशिदाकाम शिकवीत. पण गावच्या चार भिंतींत शिकविल्याने काय होणार? म्हणून त्यांनी पादांगच्या एका संपादकाला पत्र लिहून स्त्रियांसाठी पत्र काढण्याची गळ घातली, आणि १९१२ च्या जुलैमध्ये 'सुंतिंग मलायू' निघाले. संपादिका स्त्रिया, लेखिका स्त्रिया, वाचक स्त्रिया. त्याच जुलै महिन्यात कलकत्त्याला मौलाना आझादांचे 'अल्-हिलाल' सुरू झाले, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे. दोघांना एकमेकांची खबर असण्याचे कारण नव्हते. पण वारा एकच वाहत होता. रोहानाबाई १९७२ मध्ये वारल्या आणि २०१९ मध्ये त्यांना राष्ट्रवीर म्हणून गौरविण्यात आले. वाट पाहावयास लावण्यात इंडोनेशियाचे सरकार कोणापेक्षा कमी नाही.

लिपीचा प्रश्नही याच काळात निकालात निघाला. १९०१ मध्ये डच सरकारने मलायीसाठी लॅटिन लिपीतील शुद्धलेखन ठरविले, आणि शाळा व छापखाने या दोहोंनी ते उचलल्यामुळे जावी लिपी हळूहळू मदरशांपुरती उरली. १९४७ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये शुद्धलेखन बदलले. आजचा तेथील तरुण शंभर वर्षांपूर्वीचे लॅटिन लिपीतील पत्र अडखळत का होईना वाचतो. 'अल्-मुनीर' मात्र त्याला वाचता येईलच असे नाही. आजोबांच्या घरातील मोडी कागद आपण जसे उलटसुलट करून पाहतो, तशी ही गत.

१९१० मध्ये बटाव्हियात 'सिन पो' निघाले. मालक आणि संपादक चिनी वंशाचे, भाषा मलायी. त्या पत्राचा एक बातमीदार वागे रुदोल्फ सुप्रातमान. २८ ऑक्टोबर १९२८ रोजी युवकांच्या परिषदेत एक मातृभूमी, एक राष्ट्र आणि ऐक्याची एक भाषा अशी शपथ घेण्यात आली. त्या वेळी याच सुप्रातमानने व्हायोलिनवर एक धून वाजविली. पुढे तीच राष्ट्रगीत झाली. पुढच्याच महिन्यात ते गीत 'सिन पो'च्या साप्ताहिक आवृत्तीत छापून आले. ज्यांना आपल्यातले मानावे की नाही याविषयी पुढे वाद झाले, त्यांच्याच छापखान्यातून हे गीत घरोघर गेले. ही गोष्ट इंडोनेशियातही विसरली जाते, म्हणून येथे मुद्दाम लिहिली.

डचांनी १९३१ मध्ये वटहुकूम काढून वृत्तपत्रे ठराविक दिवस बंद ठेवण्याचा अधिकार गव्हर्नर-जनरलच्या हाती दिला. १९४२ मध्ये जपानी आले. त्यांनी डच भाषा बंद केली, जुनी पत्रे बंद केली आणि आपल्या प्रचारासाठी इंडोनेशियन भाषेत नवी काढली. हेतू वाईट होता, परिणाम मात्र भाषेच्या पथ्यावर पडला : कचेऱ्यांत आणि छापखान्यांत तीच एक भाषा उरली. १७ ऑगस्ट १९४५ रोजी स्वातंत्र्याची घोषणा झाली. तिचा हस्तलिखित कच्चा मसुदा टाकून दिला गेला होता. तो बी. एम. दिआ या पत्रकाराने उचलून जपून ठेवला. त्याच दिआने १ ऑक्टोबर १९४५ रोजी 'मर्देका' हे दैनिक सुरू केले. मर्देका म्हणजे स्वतंत्र.

स्वातंत्र्य आले, तरी संपादकांचा तुरुंग काही चुकला नाही. मोख्तार लुबिस यांनी १९४९ मध्ये 'इंडोनेशिया राया' काढले. भ्रष्टाचारावर लिहिल्यामुळे १९५६ मध्ये त्यांना अटक झाली आणि कधी घरात, कधी तुरुंगात अशी त्यांची सुमारे नऊ वर्षे गेली. ज्यांचे वडील 'अल्-मुनीर'मध्ये लिहीत, ते विख्यात आलिम हमका यांनी १९५९ मध्ये 'पांजी मशाराकात' हे नियतकालिक काढले. त्यात उपराष्ट्राध्यक्षपद सोडलेल्या मोहम्मद हत्ता यांचा लोकशाहीविषयीचा परखड लेख छापला आणि १९६० मध्ये नियतकालिकावर बंदी आली. पुढे हमकांना १९६४ पासून १९६६ पर्यंत कैदेत राहावे लागले. त्या कैदेत त्यांनी आपली 'तफसीर अल्-अझहर' पुरी केली. सरकारने त्यांना फुरसत दिली, असेच म्हणावयाचे!

सुकार्नो गेले, सुहार्तो आले. आरंभी सैल सोडलेली दोरी पुढे करकचून आवळली गेली. १५ जानेवारी १९७४ रोजी जकार्तात दंगल उसळली. तिचे निमित्त करून बारा पत्रे बंद करण्यात आली. त्यांत 'इंडोनेशिया राया' होते आणि मुस्लिम विचारांचे 'अबादी'ही होते. अबादी म्हणजे चिरंतन! १९७८ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्या आंदोलनाच्या बातम्यांवरून 'कोम्पास'सह अनेक दैनिके काही दिवस थांबविण्यात आली. आपण आपल्याकडील १९७५ ते १९७७ चा काळ पाहिला आहे. त्या एकोणीस-एकवीस महिन्यांची मुदत तिकडे बत्तीस वर्षांची होती, असे समजले म्हणजे झाले.

या काळात बंदीपेक्षाही प्रभावी ठरलेले साधन म्हणजे टेलिफोन. संध्याकाळी संपादकाच्या टेबलावरील फोन वाजे आणि अमुक बातमी नको असे पलीकडून नम्रपणे सुचविले जाई. याला तिकडे 'टेलिफोनची संस्कृती' असेच नाव पडले. फोनमागे जोर होता तो परवान्याचा. १९८० नंतर प्रकाशनासाठी खास परवाना लागे आणि तो माहितीमंत्र्याने काढून घेतला की छापखाना, यंत्रे, कामगार, कागद सर्व काही जागच्या जागी असूनही पत्र मेलेलेच. 'सिनार हारापान', म्हणजे आशाकिरण, हे मोठे दैनिक १९८६ मध्ये असेच गेले. सर्वच संपादक शूर होते असे नव्हे. 'कोम्पास'चे याकोब उतामा आडवळणाने, सौम्य शब्दांत लिहीत आणि वाचक ओळींच्या मधले वाचीत. काहींनी त्यांना भित्रे म्हटले. पण पत्र टिकले आणि देशातील सर्वांत मोठे दैनिक झाले, हेही खरे.

आता आपण मुख्य वळणाशी येतो. १९७१ मध्ये गुनावान मोहमद यांनी 'तेम्पो' हे साप्ताहिक काढले होते. पूर्व जर्मनीच्या आरमाराची ३९ जुनी जहाजे इंडोनेशियाने विकत घेतली. हा व्यवहार हबीबी या मंत्र्यांच्या देखरेखीखाली झाला आणि त्याच्या किमतीवरून मंत्र्यांतच जुंपली. 'तेम्पो'ने ते छापले. २१ जून १९९४ रोजी 'तेम्पो', 'देतिक' आणि 'एदितोर' या तीन साप्ताहिकांचे परवाने एकदम रद्द झाले. लोक रस्त्यावर आले, पोलिसांचा मार खाल्ला. तरुण पत्रकारांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्वतंत्र पत्रकारांची संघटना काढली. गुनावान कोर्टात गेले, खालच्या कोर्टात १९९५ मध्ये जिंकले आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरले.

कोर्टाचे दार बंद होत असताना दुसरे एक दार उघडेच होते, आणि त्याला कुलूप लावण्याचे कोणाला सुचले नव्हते. परवाना लागे तो छापण्यासाठी. इंटरनेट नावाचे नवे साधन त्या कायद्याच्या गावीही नव्हते. १९९६ मध्ये 'तेम्पो'च्या मंडळींनी 'तेम्पो इंटरॅक्टिव्ह' या नावाने इंटरनेटवर प्रकाशन सुरू केले. कागद नाही, शाई नाही, वितरक नाही. मग जप्त काय करणार? तेव्हा संगणक असणारे लोक मूठभर होते. परंतु त्यांत विद्यार्थी होते, आणि विद्यार्थी कागदावर छापून काढून पाने हातोहात वाटीत. इंटरनेटवरची बातमी पुन्हा कागदावर येऊन लोकांपर्यंत पोचे, ही त्या वेळची गंमत.

वास्तविक इंटरनेटवर प्रथम आले ते 'रेपुब्लिका'. मुस्लिम बुद्धिजीवींच्या संघटनेने ४ जानेवारी १९९३ रोजी हे दैनिक सुरू केले होते, आणि त्या संघटनेचे अध्यक्ष तेच हबीबी! मुसलमानांचे चांगले छापलेले, आधुनिक विषयांना जागा देणारे दैनिक म्हणून त्याचे मोठे स्वागत झाले. सत्तेच्या सावलीत ते जन्मले हा आक्षेपही घेतला गेला, आणि तो अगदीच निराधार नव्हता. १७ ऑगस्ट १९९५ रोजी, स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या दिवशी, 'रेपुब्लिका'ची ऑनलाइन आवृत्ती निघाली. त्यानंतर महिन्याभराने 'कोम्पास'ही आले. पण या आवृत्त्या म्हणजे सकाळच्या अंकाचीच पडद्यावर उतरविलेली नक्कल असे. दूरदेशी शिकणाऱ्या मुलांची सोय, यापलीकडे मालकांनी त्यांना महत्त्व दिले नव्हते.

१९९७ मध्ये आशियातील चलने कोसळली. डॉलरला साधारण अडीच हजार रुपिया पडत असत, ते १९९८ मध्ये पंधरा हजारांच्या पलीकडे गेले. कागद महागला, जाहिराती आटल्या, पाने कमी झाली. २१ मे १९९८ रोजी सुहार्तोंनी राजीनामा दिला. लोकांना तासातासाला बातमी हवी होती आणि वर्तमानपत्र तर दुसऱ्या दिवशी येणार. अशा वेळी, ९ जुलै १९९८ रोजी, 'देतिककॉम' सुरू झाले. त्याच्या संस्थापकांपैकी बुदियोनो दारसोनो हे बंद पाडलेल्या 'देतिक'मध्ये काम केलेले पत्रकार. देतिक म्हणजे सेकंद. या मंडळींपाशी छापील पत्र नव्हतेच. बातमीदार घटनास्थळावरून फोनने चार ओळी सांगे, कचेरीत बसलेला दुसरा त्या टंकून लगेच प्रसिद्ध करी, आणि अर्ध्या तासाने पुढच्या चार ओळी. सकाळच्या अंकासाठी राखून ठेवणे, संध्याकाळी संपादकाने हात फिरविणे, ही जुनी रीत गेली. ज्या फोनवरून पूर्वी बातमी अडविली जाई, त्याच फोनवरून आता ती धावू लागली.

सुहार्तोंच्या जागी अध्यक्ष झाले ते हबीबीच. ज्यांच्या जहाजांपायी 'तेम्पो' बुडाले, त्यांच्याच कारकिर्दीत, ऑक्टोबर १९९८ मध्ये, 'तेम्पो' पुन्हा छापून निघाले. आणि १९९९ चा ४० क्रमांकाचा वृत्तपत्र कायदा, ज्याने परवाना पद्धत रद्द केली आणि बंदी घालण्याचा सरकारचा अधिकार काढून घेतला, त्यावर सही त्यांचीच आहे. माणसाचे मोजमाप एका प्रसंगावरून करू नये, ते अशासाठी. परवाने मागेल त्याला मिळू लागले तेव्हा हजाराहून अधिक नवी पत्रे नोंदविली गेली. त्यांतील बहुतेक वर्ष-दोन वर्षांत आपोआप बंद पडली, हे सांगावयास नकोच.

यानंतरची पंधरा-वीस वर्षे छापील पत्रे आणि ऑनलाइन बातम्या शेजारी-शेजारी नांदल्या. स्वस्त मोबाईल आले आणि तोल ढळला. जकार्तात छापलेला अंक सुलावेसी किंवा पापुआत विमानाने शिळा होऊन पोचे. मोबाईलवरची बातमी जकार्ता आणि जयापुरात एकाच क्षणी. जाहिरातदार वाचकांमागे गेले, आणि जाहिरातीचा मोठा हिस्सा तर वृत्तसंस्थांना न मिळता परदेशी कंपन्यांना मिळू लागला. सुहार्तोंनी मारलेले आणि २००१ मध्ये पुन्हा जन्मलेले 'सिनार हारापान' २०१५ च्या अखेरीस दुसऱ्यांदा, आणि या वेळी स्वतःहून, मिटले. 'कोरान तेम्पो' या दैनिकाचा छापील अंक २०२० च्या अखेरीस थांबला आणि ते केवळ पडद्यावर राहिले. 'रेपुब्लिका'चा शेवटचा छापील अंक ३१ डिसेंबर २०२२ चा. तिसाव्या वाढदिवसाला अवघे चार दिवस उरले होते. २०२३ च्या एप्रिलमध्ये 'कोरान सिंदो' गेले. महामारीने ही गती वाढविली, पण रोग जुनाच होता.

यात कोणी पोलीस आला नाही, कोणी मंत्री नव्हता, कोणी मोर्चा काढला नाही. १९९४ मध्ये तीन साप्ताहिकांसाठी माणसांनी लाठ्या खाल्ल्या. तीस वर्षे चाललेले दैनिक कागदावरून उतरले, तेव्हा जुन्या वाचकांनी आठवणी लिहिल्या आणि शेवटचा अंक जपून ठेवला. मला यात वाचकांचा दोष दिसत नाही. त्यांनी बातमी सोडली नाही, कागद सोडला. पण वर्गणी भरणारा वाचक आणि येता-जाता पडद्यावर बोट ठेवणारा वाचक यांत फरक आहे. पहिला पत्राला पोसतो. दुसऱ्याला पकडून ठेवण्यासाठी पत्राला युक्त्या कराव्या लागतात. भडक मथळे, अर्धवट मजकूर, आणि एकच बातमी तीन-चार पानांत तोडून वाचकाला 'पुढील पान' दाबावयास लावणे, म्हणजे तितकी जाहिरात अधिक! हा शेवटचा प्रकार इंडोनेशियात इतका रुळला आहे की, तेथील वाचक आता तक्रारही करीत नाहीत. याउलट 'कोम्पास'ने २०१७ मध्ये पैसे भरून वाचावयाची वेगळी ऑनलाइन आवृत्ती काढली, 'तेम्पो'नेही वर्गणीचा मार्ग धरला. चांगल्या बातमीला पैसे पडतात हे वाचकाच्या गळी उतरविणे चालू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत सरकारनेही फर्मान काढून मोठ्या परदेशी कंपन्यांनी दर्जेदार पत्रकारितेला साहाय्य करावे असे बंधन घातले.

आणि ते उघडे दार? त्यालाही कड्या बसल्याच. २००८ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा कायदा आला. त्यातील बदनामीच्या कलमांखाली सामान्य माणसे व पत्रकार कोर्टात खेचले गेले. २०१५ च्या मार्चमध्ये दहशतवादविरोधी यंत्रणेच्या सांगण्यावरून २२ मुस्लिम संकेतस्थळे अडविण्यात आली. त्यांत कडवी होती तशी साधी धार्मिक-सामाजिक मजकुराचीही होती. ओरड झाल्यावर त्यांपैकी काही खुली करावी लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पापुआ प्रांतात निदर्शने झाली तेव्हा तेथील इंटरनेटच बंद केले गेले. स्वतंत्र पत्रकारांच्या त्याच १९९४ च्या संघटनेने इतरांसह कोर्टात दाद मागितली आणि जून २०२० मध्ये जकार्ताच्या न्यायालयाने सरकारची कृती बेकायदा ठरविली. पूर्वी एका पत्राचा परवाना जाई, आता एका प्रांताचा तारच कापता येतो. हा बदल लहान नव्हे.

मार्च २०२५ मध्ये 'तेम्पो'च्या जकार्तातील कचेरीत एका महिला पत्रकाराच्या नावे पार्सल आले. उघडून पाहता आत कान कापलेले डुकराचे डोके. दोन-तीन दिवसांनी आणखी एक खोके आले, त्यात मुंडकी छाटलेले सहा उंदीर. पत्रकारसंघटनांनी निषेध केला. अध्यक्षांच्या वतीने बोलणाऱ्या एका अधिकाऱ्याने मात्र ते डोके शिजवून टाकावे अशा अर्थाची थट्टा केली आणि तिच्यावर देशभर टीका झाली. ज्यांनी ही पार्सले धाडली त्यांना, बातमी कागदावर आली की पडद्यावर, याच्याशी कर्तव्य नव्हते. लिहिणारे माणूस कोठे बसते एवढे त्यांना ठाऊक होते.

जाता जाता जुन्या कागदांविषयी. जावा बेटावरील सुराकार्ता शहरात वृत्तपत्रांचे राष्ट्रीय स्मारक आहे. ज्या इमारतीत ते आहे, तेथेच ९ फेब्रुवारी १९४६ रोजी, डचांशी लढाई चालू असताना, देशभरचे पत्रकार जमले होते आणि त्यांनी आपली पहिली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. म्हणून ९ फेब्रुवारी हा तेथे वृत्तपत्रदिन पाळतात. या स्मारकात जुन्या वृत्तपत्रांचे आणि मासिकांचे दहा लाखांवर अंक जमा आहेत. शुद्धलेखन तीनदा बदललेले, काही बंदीच्या आदल्या दिवशीचे, कित्येकांची पाने हात लावताच तुटणारी. ऑनलाइन निघालेल्या आणि पुढे बंद पडलेल्या पत्रांचे असे गठ्ठे बांधून ठेवता येत नाहीत. यंत्राचे भाडे भरणारा गेला की पानही जाते. कागदाचे गठ्ठे मात्र तेथे एकेक करून सोडतात, पिवळ्या पडलेल्या पानांची छायाचित्रे घेतात आणि ती संगणकात उतरवून ठेवतात.